उत्तरेचा उजेड, कुलाब्याचं चुंबक

हिवाळ्यातली एक रात्र. माझा भाचा फिनलंडमधल्या ओउलू शहरात नोकरीला आहे. जेवणं उरकायच्या वेळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. ताईनं ओले हात पदराला पुसले आणि मोबाइल घेतला. पडद्यावर पोराचा चेहरा नव्हता. काळ्या झाडांचे शेंडे दिसत होते आणि त्यांच्यावर एक हिरवट पट्टा वाऱ्यात धोतर वाळत घातल्यासारखा हलत होता. मधूनच त्याची खालची कड लालसर व्हायची. ताईनं विचारलं, "काय पेटलंय रे तिकडं? पाचट जाळायलेत का?" तो म्हणाला, "नाही गं आई, आभाळच आहे हे."

शिरूर अनंतपाळच्या बाईला हाच प्रश्न सुचणार. ऊस तुटून गेला की आमच्याकडे फडातलं पाचट पेटवतात, आणि मांजरेच्या काठानं रात्री क्षितिज ठिकठिकाणी तांबडं होतं. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या सैनिकांनाही असंच वाटलं होतं. सम्राट टायबेरियसच्या काळात एका रात्री आभाळ इतकं लाल झालं, की ओस्टिया बंदर पेटलं असं समजून सैन्याच्या तुकड्या आग विझवायला धावल्या. सेनेकानं ही हकिगत लिहून ठेवली आहे. त्या रात्री त्या शिपायांना जे दिसलं आणि ताईनं मोबाइलवर जे पाहिलं, ते एकच. मराठीत त्याला आपण ध्रुवीय प्रकाश म्हणतो; फिरायला जाणारी मंडळी 'नॉर्दन लाइट्स' म्हणतात.

या विषयावर मराठीत, तेही लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बसून पुस्तक लिहितोय असं सांगितलं, तेव्हा अनेकांनी विचारलं, "आपला त्याच्याशी काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. ही सगळी प्रस्तावना त्याचंच उत्तर आहे.

आधी अंतर मोजून घेऊ. आमच्या लहानपणी वैशाखात सगळं घर माळवदावर झोपायचं. वाकळ अंथरून पडलं की आजी उत्तरेकडे बोट दाखवायची. सप्तर्षीला ती 'म्हातारीचं बाजलं' म्हणायची. चार तारे म्हणजे बाजेचे चार खूर, मागचे तीन म्हणजे ती बाज चोरायला आलेले चोर. चोर कुणाभोवती फिरतात ते बघ, म्हणायची, आणि मग ध्रुवतारा सापडायचा. आमच्या गावातून तो फार खाली दिसतो. हात लांब करून क्षितिजावर एक मूठ ठेवा, तिच्यावर दुसरी मूठ ठेवा. त्या दोन मुठींच्या टोकाशी ध्रुव असतो. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. गावाचा अक्षांश जितका, तितकीच ध्रुवाची उंची. शिरूर अनंतपाळ सुमारे १८ अंशांवर आहे. ओउलू ६५ अंशांवर, नॉर्वेतलं ट्रॉम्सो जवळपास ७० अंशांवर. तिथे ध्रुवतारा बघायला मान मागे टाकावी लागते. त्यात पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवांपासून सरकलेले आहेत, आणि हा प्रकाश चुंबकीय ध्रुवाला वेढा घालून बसतो. त्या हिशेबानं आपला महाराष्ट्र आणखीच लांब पडतो.

जे लोक या प्रकाशाखाली जन्मले, वाढले आणि मेले, त्यांनी त्याला काय काय म्हटलं हे या पुस्तकाच्या पहिल्या भागात आहे. फिन भाषेत त्याचं नावच 'कोल्ह्याची आग' असं आहे: बर्फाळ डोंगरावरून कोल्हा धावतो, त्याच्या शेपटीच्या फटकाऱ्यानं ठिणग्या उडतात आणि आभाळाला लागतात. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. आपल्याकडे उन्हात पाऊस पडला की पोरं ओरडतात, कोल्ह्याचं लग्न लागलं! आभाळात काही विपरीत, दोन ऋतू एका वेळी आल्यासारखं दिसलं की माणसाला हा एकच प्राणी का आठवावा? मला याचं उत्तर देता येत नाही, पण ओउलूच्या म्हातारीचं आणि आमच्या आजीचं एकमेकींशी जमलं असतं याची खात्री वाटते.

सामी लोक या प्रकाशाखाली शीळ घालत नसत. शीळ ऐकली की तो खाली येऊन माणसाला उचलून नेतो, असं पोरांना सांगत. ग्रीनलंडच्या इनुइट लोकांना तो मेलेल्या माणसांचा खेळ वाटे: वॉलरसच्या कवटीचा चेंडू करून आत्मे आभाळात खेळताहेत. स्वीडनच्या कोळ्यांना त्यात हेरिंग माशांच्या थव्याची चमक दिसे आणि ते त्यावरून जाळं टाकायचे बेत करत. ज्याचं पोट ज्यावर, त्याला आभाळात ते दिसलं. नॉर्वेत तेराव्या शतकात लिहिलेल्या 'राजदर्पण' नावाच्या ग्रंथात तर एक बाप मुलाला तीन कारणं सांगतो: जगाला वेढणाऱ्या समुद्रापलीकडे आग असेल, क्षितिजाखाली गेलेल्या सूर्याचे किरण वर येत असतील, किंवा बर्फानंच साठवलेलं तेज बाहेर पडत असेल. तिन्ही चुकीची, पण कारण शोधायची ती रीत मला भुतांच्या गोष्टींइतकीच लोभस वाटते.

आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत 'दिग्दाह' या नावाचा एक अध्यायच लिहिला. दिशा पेटल्यासारखी दिसणं म्हणजे दिग्दाह. तो पिवळा असला तर राजाला भय, अग्नीच्या रंगाचा असला तर देशाचा नाश, अशी फळं त्यानं सांगितली आहेत. दिग्दाह म्हणजे ध्रुवीय प्रकाशच, असं म्हणायला मी धजणार नाही. वणवा, धूळ, लांबून दिसणारी वीज, असं कितीतरी त्यात येत असणार. पण फार मोठ्या सौर वादळात हा प्रकाश दक्षिणेला बराच खाली उतरतो आणि तेव्हा तो तांबडाच दिसतो, हेही खरं आहे. उज्जैनच्या परिसरातल्या माणसाच्या मनात दिशा पेटण्यासाठी वेगळा शब्द तयार होता, एवढं मला पुरेसं आहे.

असल्या समजुतींना हसायची ताकद माझ्यात नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. पुढे कित्येक महिने आमच्या भागात माणसं उघड्यावर झोपली, आणि कुठे वीज लवली, कुठे लांबवर गुरगुरलं, की घरातलं कुणीतरी उठून बसायचं. ज्यानं एकदा जमीन हलताना बघितली तो आभाळाकडेही वेगळ्या नजरेनं बघतो. लोककथेतली भीती कुठून येते हे मला तिथे कळलं.

आता नावाचं बघू. या प्रकाशाला 'अरोरा' म्हणायची पद्धत सतराव्या शतकात पडली, गॅलिलिओच्या काळात. अरोरा ही रोमन लोकांची पहाटेची देवता. भाषेच्या मुळाशी गेलं तर ती आपल्या वेदांतल्या उषेची सख्खी बहीण निघते. दोन्ही शब्द एकाच धातूतून आले आहेत. उत्तर ध्रुवाकडे बघून 'उषा' हा शब्द सगळ्यात जोरानं कुणी उच्चारला असेल, तर तो लोकमान्य टिळकांनी. १९०३ साली पुण्याहून त्यांचा 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ निघाला. ऋग्वेदात उषा अनेकवचनी का येते, ती संपता संपत नाही असं ऋषी का म्हणतात, यावरून त्यांनी ध्रुवाजवळची कित्येक दिवस चालणारी पहाट डोळ्यांसमोर उभी केली. त्यांचा सिद्धान्त आज विद्वान मानत नाहीत, मीही मानत नाही. तरी ज्या माणसानं ध्रुवावरची रात्र कधी पाहिली नाही त्यानं आकडे आणि ऋचा यांच्या आधारानं ती इतकी नेमकी रंगवावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि इथेच मला तो धागा सापडला ज्यासाठी हे पुस्तक लिहावंसं वाटलं. टिळकांचे डेक्कन कॉलेजातले गणिताचे गुरू केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे आपले केरूनाना. त्यांचा जन्म १८२५ सालचा, अलिबागजवळच्या नागावचा. विशीही उलटली नव्हती तेव्हा, १८४० साली, हे केरूनाना मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत मदतनीस म्हणून लागले. त्या वेधशाळेची जबाबदारी काही काळ बाळशास्त्री जांभेकरांकडेही होती. 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री आपल्याला माहीत असतात. पृथ्वीच्या चुंबकाची निगराणी करणारे बाळशास्त्री आपण विसरलो.

कुलाब्याला काय चालायचं? ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ साली ही वेधशाळा बांधली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय बलाची मोजणी सुरू झाली. एका खोलीत चुंबकाची पट्टी टांगलेली असायची. वारा लागू नये म्हणून ती झाकलेली. थोड्या अंतरावर एक दुर्बीण पक्की बसवलेली. तिला डोळा लावायचा, मोजपट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. तासाभरानं पुन्हा तेच. दिवसा आणि रात्री, पावसात आणि उन्हाळ्यात, वर्षानुवर्षं. पट्टी अस्वस्थ दिसली तर तासाची वाट न बघता काही काही मिनिटांनी आकडा घ्यायचा, असा नियम होता. कंटाळवाणं काम म्हणा; पण त्या कंटाळवाण्या नियमानं पुढे काय दिलं ते बघा.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा खगोलशास्त्रज्ञ सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होता. सकाळी सव्वाअकराच्या सुमारास डागांच्या एका मोठ्या घोळक्यावर त्याला डोळे दिपवणारे दोन पांढरे ठिपके दिसले. पाच मिनिटांत ते विझले. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं. सूर्य इथून १५ कोटी किलोमीटर; म्हणजे सूर्यानं फेकलेला कणांचा ढग सेकंदाला दोन हजार किलोमीटरहून जास्त वेगानं आला. क्यूबामध्ये लोकांनी आभाळ लाल झालेलं पाहिलं. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलँडच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून टाकल्या आणि जमिनीतून तारांत आपोआप खेळणाऱ्या विजेवर एकमेकांना संदेश पाठवले.

मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. दिवस वर आला होता. प्रकाश दिसण्याचा प्रश्नच नव्हता. कुलाब्याच्या त्या खोलीत मात्र पट्टी घसरू लागली, आणि दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या कुणीतरी नियमाप्रमाणे आकडा लिहिला, थोड्या वेळानं पुन्हा लिहिला, पुन्हा लिहिला. दुपार व्हायच्या आत आडव्या दिशेचं चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लानं खाली आलं, म्हणजे एकूण बलाच्या साधारण चार टक्के. रोजच्या चढउतारात हे बल काही दहा नॅनोटेस्ला इकडेतिकडे होतं, यावरून अंदाज करा. केरूनाना तोवर कुलाबा सोडून पुण्याला गेले होते. त्या सकाळी वही कुणाच्या हातात होती ते नाव आपल्या ओठांवर नाही, याची मला खंत वाटते.

तो आकडा वह्यांत पडून राहिला. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. त्यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या कुलाब्याच्या नोंदी निवडून-पाखडून १९१० साली छापल्या. १८५९ च्या वादळाचे ते आकडे २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना, शोभना अ‍ॅलेक्स या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा तपासून जगापुढे ठेवले. वादळ इतकं जबर होतं की युरोपातल्या यंत्रांचे आकडे मोजपट्टीबाहेर गेले होते. आजही त्या वादळाची ताकद सांगायची वेळ आली की जगातला शास्त्रज्ञ कुलाब्याचं नाव घेतो. पृथ्वीवर नोंदलेल्या सर्वांत मोठ्या सौर वादळाची सर्वांत मोलाची नोंद मुंबईत झाली आहे. संबंध काय या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे.

दुसरं उत्तर १८७२ चं. ४ फेब्रुवारी, रविवार. त्या रात्री खुद्द मुंबईच्या आभाळात ध्रुवीय प्रकाश दिसल्याची बातमी दोन दिवसांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त आली, आणि समुद्राखालून एडनकडे जाणाऱ्या तारेवरचे संदेश अडखळल्याचंही तिच्यात होतं. मुंबईचा चुंबकीय अक्षांश जेमतेम दहा अंश. इतक्या खाली हा प्रकाश दिसल्याच्या नोंदी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. त्या रात्री आमच्या गावच्या माळवदावर कुणी जागं असेल, उत्तरेला तांबूस झालेलं पाहून कुठेतरी गंजी पेटली म्हणून कूस बदलून झोपलं असेल, हा माझा नुसता विचार. पण तो मनातून जात नाही.

विजेवरच्या ट्रॅम येणार, त्यांच्या प्रवाहानं चुंबक हलणार, म्हणून कुलाब्यातलं मोजणीचं काम १९०४ साली मुंबईहून अलिबागला गेलं. केरूनानांच्या नागावच्या शेजारी. दोन वर्षं दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, म्हणजे मालिका तुटू नये. भारतीय भूचुंबकत्व संस्थान आज ती सांभाळतं. १८४० च्या दशकापासून इतकी लांब चाललेली चुंबकीय नोंद जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

आता हा प्रकाश होतो कसा, हे दुसऱ्या भागात सविस्तर आहे. इथे फक्त दोन गोष्टी. शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की सूर्याचे कण ध्रुवांवर येऊन पडतात आणि हवा चमकते. हे अर्धंच खरं. सूर्यापासून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहतो, साधारण सेकंदाला चारशे किलोमीटरनं. पृथ्वीचं चुंबकीय कवच त्याला अडवतं, आणि त्या माऱ्यानं कवचाची रात्रीकडची बाजू लांब शेपटीसारखी ताणली जाते. गलोलीचं रबर ताणून सोडावं तशी ती शेपटी अधूनमधून सुटते. त्या झटक्यातली ऊर्जा इलेक्ट्रॉनना वेग देते, आणि ते चुंबकीय रेषा धरून ध्रुवाभोवतीच्या कड्यात खाली उतरतात. म्हणजे दगड सूर्यानं फेकलेला नसतो. सूर्य रबर ताणतो, गलोल पृथ्वीची असते.

दुसरी गोष्ट रंगांची. इलेक्ट्रॉनचा धक्का बसला की ऑक्सिजनचा अणू प्रकाश टाकून पुन्हा शांत होतो. हिरवा टाकायला त्याला पाऊण सेकंद लागतो, लाल टाकायला जवळपास दोन मिनिटं. जत्रेच्या गर्दीत दोन मिनिटं एका जागी उभं राहता येतं का? शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर अणूंची तशी गर्दी असते, दुसऱ्याचा धक्का लागून लाल प्रकाश टाकायचा राहूनच जातो, म्हणून तिथे हिरवा. दोनशे किलोमीटरच्या वर विरळ हवेत निवांतपणा असतो, तिथे लाल. खालच्या कडेचा गुलाबी-जांभळा रंग नायट्रोजनचा. आपण चालत गावाकडे येतो तेव्हा आधी देवळाचा कळस दिसतो, पायऱ्या मागाहून. तसंच लांबच्या देशातून या प्रकाशाचा फक्त वरचा लाल भाग क्षितिजावर दिसतो. रोमचे शिपाई आगीला धावले ते म्हणूनच. एक इशारा सहलीला निघालेल्यांसाठी: साध्या डोळ्यांना मंद प्रकाश बऱ्याचदा राखाडी-पांढुरका दिसतो, मोबाइलचा कॅमेरा तो हिरवागार करून दाखवतो. फसवणूक वाटून घेऊ नका, डोळ्यांची रात्रीची रीतच तशी आहे.

१० मे २०२४, अक्षय तृतीया. घरोघरी आमरस झाला, करा-केळी पुजून झाली, आणि त्याच मध्यरात्रीनंतर लडाखमधल्या हनले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तरेचं आभाळ लाल झालेलं टिपलं. हनले ३२ अंशांच्या पुढे आहे, आमच्यापासून फार लांब नाही. काटेकोर बोलायचं तर तिथल्या लाल पट्ट्याला शास्त्रज्ञ ध्रुवीय प्रकाशाचा जवळचा भाऊ म्हणतात. त्याची उत्पत्ती जराशी वेगळी आहे. सूर्यावर तेव्हा नजर ठेवून असलेल्या यानांत आपलं आदित्य एल-१ ही होतं. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर उभं असलेलं हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी सुटलं. कुलाब्याच्या त्या सकाळीला त्या दिवशी बरोबर १६४ वर्षं झाली होती. त्यावरची सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुकात घडली. १९८९ च्या मार्चमध्ये अशाच वादळानं कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली होती. हवामानाचे उपग्रह, मोबाइलमधला नकाशा, विजेचं जाळं यांवर ज्याचं काम चालतं, त्या शिरूर अनंतपाळच्या शेतकऱ्यालाही सूर्याची खबर असणं आता गरजेचं आहे.

शेवटी तालुक्यातल्या शिक्षकांना एक विनंती. एक छोटी चुंबकपट्टी घ्या, तिच्यावर आरशाचा बारीक तुकडा चिकटवा, पीळ नसलेल्या रेशमी दोऱ्यानं ती काचेच्या बरणीत टांगा आणि झाकण लावा. लोखंडी कपाट आणि मोटारसायकलची जागा यांपासून दूर अशी एखादी खोली निवडा. आरशावर प्रकाशाचा बारीक झोत सोडा आणि समोरच्या भिंतीवर तीन-चार मीटरवर पडणाऱ्या ठिपक्यापाशी कागदाची पट्टी चिकटवा. सकाळपासून दुपारपर्यंत तो ठिपका काही मिलिमीटर सरकेल आणि संध्याकाळी परत येईल. ती वरच्या हवेत सूर्यानं चालवलेल्या विजेची खूण. पोरांना पाळीपाळीनं बसवा. तारीख, वेळ आणि आकडा वहीत लिहायला सांगा, आणि ज्यानं वाचन घेतलं त्याचं नावही.